मागाने न विणलेले धागे

भिवंडी मागे टाकून कल्याण रोडने राजनोली नाक्याकडे निघालं की वाटेत टेमघर लागतं. मुळशीतलं धरणाचं टेमघर वेगळं, हे वेगळं. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरच्या नळांना येणारं उल्हास नदीचं पाणी शुद्ध करणारं 'स्टेम'चं केंद्र इथलं. शहाड आणि टेमघर या दोन ठिकाणांवरूनच त्या योजनेला हे नाव मिळालं. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो 5 च्या स्थानकांच्या यादीतही टेमघर आहे. भिवंडी शहरात यंत्रमागांची खडखड, आणि शहराबाहेर मानकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर अशी मैलोगणती पसरलेली गोदामं. माल इथेच विणला जातो, इथेच साठवला जातो आणि इथूनच टेम्पोत चढतो. गिऱ्हाईक मात्र आता दुकानाची पायरी चढत नाही, ते मोबाइलवर बोट फिरवतं. त्यामुळे मालाबरोबर मालाचा फोटोही तयार ठेवावा लागतो, आणि गाडी नेमकी तिथे अडते.

"फोटो फाटतोय." डीटीपी करणारा, फ्लेक्स छापणारा आणि ऑनलाइन कॅटलॉग भरणारा, तिघांच्या तोंडी हे एकच वाक्य असतं. पार्टीचं उत्तरही ठरलेलं असतं: "मग एचडी करून घे ना." हे 'एचडी करून घेणं' आता खरोखरच एक काम झालं आहे. एक फोटो नव्हे, अख्खं फोल्डर एका दमात मोठं करायचं. एखादी छोटी स्क्रिप्ट लिहायची, ती संगणकावरच्या फोटो मोठा करणाऱ्या मॉडेलला नाहीतर ऑनलाइन सेवेला जोडायची, रात्री चालू करून झोपायचं आणि सकाळी शेकडो फोटो चारपट मोठे झालेले पाहायचे. जादू वाटावी असं हे काम आहे. ते कसं चालतं, कुठे उपयोगी पडतं आणि कुठे फसवतं, हे पाहायला कापडाच्या गावाइतकी चांगली जागा नाही. कारण इथे फोटोतही धागे मोजणारी माणसं आहेत.

फोटोची कुंडली

फोटो कुठून आला, हे बहुतेक वेळा त्याच्या नावातच लिहिलेलं असतं. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपमधून उतरलेल्या फोटोच्या नावात तारखेनंतर 'डब्ल्यूए' ही दोन अक्षरं आणि पुढे क्रमांक असतो. संगणकावर व्हॉट्सॲप वेबमधून उतरवला, तर 'व्हॉट्सॲप इमेज' असं लिहून पुढे तारीख आणि वेळ येते. असं नाव दिसलं की जाणकार ओळखतो, हा फोटो आधीच आटलेला आहे.

आटतो किती? साध्या फोनवरचा 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे 4000 आणि उभे 3000 ठिपके, एकूण 1 कोटी 20 लाख. नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सॲपवर पाठवला की त्याची लांब बाजू साधारण 1600 ठिपक्यांवर येते. म्हणजे 1600 गुणिले 1200, जेमतेम 19 लाख 20 हजार. सव्वासहा ठिपक्यांच्या जागी एक उरला. वर जेपीईजीचं दाबणं आहेच. तोच फोटो कोणी स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलला, कोणी कडा कापल्या, कोणी स्टेटसवरून उचलला, की उरलीसुरली माहितीही जाते. ऑगस्ट 2023 मध्ये व्हॉट्सॲपने 'एचडी'चा पर्याय दिला आणि थोडा फरक पडला, पण मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर आजही 'डॉक्युमेंटमधून पाठव' हाच उपाय. छपाईच्या धंद्यातली माणसं हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत असतील याची गणती नाही.

मागणी करणारे मात्र ठिपक्यांच्या बाबतीत उदार नाहीत. अ‍ॅमेझॉनवर फोटो बोटांनी मोठा करून पाहता यायला हवा असेल, तर त्याची लांब बाजू किमान 1000 पिक्सेल लागते, आणि कंपनीची शिफारस 1600 किंवा त्याहून जास्तची आहे. जुन्या कॅटलॉगमधला 400 पिक्सेलचा फोटो तिथे चालत नाही.

फ्लेक्सचं गणित आणखी वेगळं. 10 फूट रुंद आणि 6 फूट उंच फ्लेक्स, इंचाला 72 ठिपके धरले तरी 8640 गुणिले 5184 होतो. जवळजवळ साडेचार कोटी ठिपके. त्यावर वाढदिवसाचे शुभेच्छुक लावायचे असतात, आणि त्यातल्या एकाचा चेहरा लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून कापून आलेला असतो. समजा, तो चेहरा 150 ठिपक्यांचा आहे आणि फ्लेक्सवर तो 3 फूट, म्हणजे 36 इंच हवा आहे. इंचाला चार ठिपके आले. एकेक ठिपका 6 मिलिमीटरचा. नाक्यावरून जाणाऱ्या रिक्षातून ते कदाचित खपून जाईल, पण फ्लेक्सखाली उभं राहून सेल्फी घेणाऱ्याला सत्कारमूर्ती चौकटीच्या फरशीसारखा दिसेल.

आणि दिवाळी अंकाचं? 1909 साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने ही परंपरा सुरू केली, तेव्हा चित्रासाठी ब्लॉक करावा लागायचा. आता फाइल येते, पण छपाई इंचाला 300 ठिपके मागते. 600 गुणिले 800 चा फोटो त्या हिशेबाने 2 इंच रुंद आणि पावणेतीन इंचांहून कमी उंच छापता येतो. जुन्या अंकातलं चित्र स्कॅन करून घेतलं तर वेगळीच पंचाईत. ते मुळात छापील ठिपक्यांच्या जाळीचं असतं. जाळी आधी काढून टाकली नाही, तर मोठं करणारं यंत्र त्या ठिपक्यांनाच चित्रातला नक्षीचा भाग समजतं आणि मन लावून कोरतं.

एकाचे सोळा

640 गुणिले 480 चा फोटो चारपट मोठा केला की 2560 गुणिले 1920 होतो. लांबी चारपट, रुंदी चारपट, म्हणजे ठिपके सोळापट. पूर्वी एक ठिपका होता त्या जागी सोळा आले. त्यातल्या एकाची माहिती कॅमेऱ्याने आणली होती, उरलेले पंधरा कुठून आले? या प्रश्नाच्या उत्तरातच सगळी गंमत आहे आणि सगळा धोकाही.

जुनं उत्तर सरासरीचं होतं. शेजारच्या ठिपक्यांचे रंग पाहायचे आणि मधली जागा हिशेबाने भरायची. रॉबर्ट कीज यांनी 1981 मध्ये मांडलेली 'बायक्युबिक' रीत आजही प्रत्येक फोटो-सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती सभ्य आहे. जे माहीत नाही ते ती ठासून सांगत नाही, फक्त धूसर करते. म्हणून अशा पद्धतीने मोठा केलेला फोटो दुधाची साय धरल्यासारखा दिसतो.

2014 मध्ये हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या चाओ डाँग आणि सहकाऱ्यांनी दुसरा रस्ता धरला. मोठे, स्वच्छ फोटो घ्यायचे, ते मुद्दाम लहान करायचे आणि लहानावरून मोठा कसा असेल हे संगणकाच्या जाळ्याला, म्हणजे न्यूरल नेटवर्कला, हजारो वेळा शिकवायचं. त्यांचं 'एसआरसीएनएन' हे जाळं अवघ्या तीन थरांचं होतं. पुढच्याच वर्षी जपानी ॲनिमे चित्रांसाठी 'वायफूटूएक्स' आलं आणि घरबसल्या चित्रं मोठी करण्याचं वेड पसरलं. 2016 मध्ये 'एसआरगॅन'ने त्यात स्पर्धा आणली. एक जाळं चित्र रचणार आणि दुसरं ते खरं की बनावट हे ओळखणार. ओळखणारा फसेपर्यंत रचणारा शिकत राहणार. धूसरपणा गेला, केस, पानं, भिंतीचा खरखरीतपणा दिसू लागला. पण शर्यत 'खरं काय होतं' याची राहिली नव्हती, 'खरं वाटेल काय' याची झाली होती.

जुलै 2021 मध्ये चिनी कंपनी टेन्सेंटच्या एआरसी प्रयोगशाळेतून 'रिअल-ईएसआरगॅन' आलं, आणि आज बाजारात फुकट किंवा स्वस्तात जे काही 'एचडी' होतं त्यातला मोठा भाग याच्या नाहीतर याच्या भावंडांच्या जोरावर होतो. त्याच्या कर्त्यांनी एक व्यवहारी गोष्ट ओळखली. लोकांकडचे फोटो फक्त लहान नसतात. ते हललेले, दाबलेले, पुन्हा लहान करून पुन्हा दाबलेले असतात. म्हणून शिकवतानाच त्यांनी स्वच्छ फोटो दोन फेऱ्यांत बिघडवले: धूसर केले, लहान केले, कचरा घातला, जेपीईजीत दाबले आणि मग तेच सगळं पुन्हा. व्हॉट्सॲपवरून दोनदा फिरून आलेल्या फोटोचीच जणू तालीम. हा प्रोग्राम खुला आहे, आणि त्याची एक आवृत्ती महागड्या एनव्हिडिया कार्डाचा हट्ट न धरता साध्या ग्राफिक्सवरही चालते. ज्याला काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची भीती वाटते, त्याच्यासाठी 'अपस्केल' नावाचं बटणांचं मोफत सॉफ्टवेअर आहे. आत इंजिन तेच.

या तंत्राची ताकद लोकांना पहिल्यांदा जाणवली ती एका आगगाडीमुळे. फेब्रुवारी 2020 मध्ये डेनिस शिर्याएव्ह या रशियन तंत्रज्ञाने ल्युमिएर बंधूंची 1896 ची, स्थानकात गाडी येण्याची फीत 4के आकारात, सेकंदाला 60 चौकटींच्या वेगाने तयार करून यूट्यूबवर टाकली. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 ला चित्रपटांचे जे पहिले खेळ झाले, त्यातही गाडी येण्याची फीत होती. सव्वाशे वर्षांपूर्वीची माणसं परवा मोबाइलवर टिपल्यासारखी चालू लागली आणि जगभर वाहवा झाली. अभिलेखागारात काम करणारे मात्र तेव्हाही सांगत होते की ही जुनी फीत 'परत मिळालेली' नाही. मूळ निगेटिव्ह नव्याने स्कॅन करणं वेगळं आणि हरवलेल्या जागा अंदाजाने भरणं वेगळं.

रात्रभराची स्क्रिप्ट

एक फोटो मोठा करायला स्क्रिप्ट लागत नाही. पण समजा, एका कापड व्यापाऱ्याच्या जुन्या कॅटलॉगमध्ये 800 डिझाइनं आहेत, प्रत्येकाचे दोन फोटो, म्हणजे 1600 फाइली. त्या एकेक उचलून टाकायच्या तर बसणाऱ्याची पाठ मोडेल. इथे पायथनमधल्या चाळीस-पन्नास ओळी पुरतात. फोल्डर उघड, पहिली फाइल घे, मोठी कर, दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेव, पुढची घे. सांगायला एवढंच. करायला बसलं की खाचखळगे दिसतात.

पहिला नियम मूळ फाइलला हात न लावण्याचा. 'इमेजमॅजिक' या जुन्या, नामांकित साधनातली 'मॉग्रिफाय' ही आज्ञा वेगळी जागा सांगितली नाही तर नवी फाइल जुन्याच नावावर लिहिते. एका आज्ञेत हजार फोटो बदलतात, आणि मूळ गेले ते गेले.

दुसरा खड्डा नावांचा. व्हॉट्सॲप वेबवरून उतरलेल्या फाइलींच्या नावांत मोकळ्या जागा असतात. स्क्रिप्ट निष्काळजीपणे लिहिली असेल तर ती एका नावाचे पाच तुकडे समजते आणि 'फाइल सापडत नाही' म्हणून थांबते. शहाणे लोक सुरुवातीलाच सगळ्या फाइलींना डिझाइन क्रमांकाप्रमाणे साधी नावं देतात. तेच पुढे कॅटलॉग भरतानाही कामी येतं.

तिसरा खड्डा उभ्या-आडव्याचा. मोबाइल उभा धरून फोटो काढला तरी अनेक फोन तो आडवाच साठवतात आणि सोबत 'दाखवताना फिरवून दाखव' अशी चिठ्ठी जोडतात. स्क्रिप्टने ती चिठ्ठी वाचली नाही तर सकाळी निम्मे कुर्ते आडवे पडलेले सापडतात. पायथनच्या 'पिलो' लायब्ररीत ही चिठ्ठी पाळणारी सोय तयार आहे. फक्त ती वापरायची आठवण हवी.

मग मापाचा विचार. मॉडेल बहुधा ठरीव पटीत चालतं, चारपट म्हणजे चारपटच. 400 चा फोटो 1600 वर जाईल, ठीक. पण 1200 चा फोटो 4800 वर नेऊन काय करायचं? म्हणून स्क्रिप्ट आधी माप घेते. लांब बाजू 1600 च्या वर असेल तर फाइल जशीच्या तशी पुढे. मधली असेल तर मोठी करून मग हव्या त्या मापावर उतरवायची. आणि 300 च्या खाली असेल तर मोठी करण्याच्या फंदातच पडायचं नाही. ती 'पुन्हा काढा' नावाच्या फोल्डरमध्ये.

शेवटी वही. प्रत्येक फाइलचं नाव, जुनं माप, नवं माप, लागलेला वेळ, आलेली चूक, हे एका तक्त्यात उतरत गेलं की मध्येच वीज गेली किंवा नेट तुटलं तरी काम पहिल्यापासून करावं लागत नाही. झालेल्या फाइली ओलांडून स्क्रिप्ट पुढून सुरू होते. पहिल्यांदा स्क्रिप्ट लिहिणारे हाच भाग सोडतात.

संगणक साधा असेल तर सगळा भार ऑनलाइन सेवेवर टाकता येतो. अशा सेवा जगभर आहेत आणि एक अगदी शेजारची आहे: मुंबईत 2012 साली सुरू झालेल्या आणि 2019 पासून रिलायन्सच्या ताब्यात असलेल्या फाइंड कंपनीच्या 'पिक्सेलबिन'चं 'अपस्केल डॉट मीडिया'. वेबसाइटवर एकेक फोटो टाकता येतो. थोकाने करायचं तर अशा सेवा एपीआयची किल्ली देतात. स्क्रिप्ट ती किल्ली दाखवून फोटो पाठवते, सेवा कामाचा क्रमांक देते, स्क्रिप्ट थोड्या थोड्या वेळाने 'झालं का?' विचारते आणि झालं की उतरवून घेते. घाईने विचारत राहिलं तर सर्व्हर 429 क्रमांकाचं उत्तर देतो, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या, दमाने घ्या'. चांगली स्क्रिप्ट मग दोन सेकंद थांबते, पुन्हा नकार आला तर चार, मग आठ.

पैशाचा हिशेब क्रेडिटमध्ये चालतो, आणि तिथे चाचणीची शिस्त कामी येते. 1600 फाइली सोडण्याआधी वीस निवडायच्या: गडद, फिकट, चौकड्याच्या, जरीच्या, माणूस असलेल्या, लेबल असलेल्या. त्यांचा निकाल डोळ्यांनी पाहायचा आणि मगच पुढे जायचं. एपीआयची किल्ली स्क्रिप्टच्या मजकुरातच लिहून ती स्क्रिप्ट कोणाला पाठवली, तर पुढचं बिल त्याच्या कामाचं आणि नाव आपलं. फोटो कोणाचे आहेत हाही प्रश्न उरतो. कापडाच्या ताग्याचा फोटो परक्या सर्व्हरवर गेला तर फारसं बिघडत नाही. लग्नाचा अल्बम, आधार कार्डाची प्रत किंवा दवाखान्यातला एक्स-रे तिथे पाठवणं ही वेगळी गोष्ट आहे. ते काम आपल्याच संगणकावर करावं.

भिंगाखालचा हिशेब

यंत्रमागाच्या धंद्यात कापडाची पारख धाग्यांवर होते. एका इंचात उभे धागे किती, आडवे किती. आडव्या धाग्याला इथे 'पिक' म्हणतात, आणि जॉबवर विणणाऱ्याची मजुरीही पिकावर, पैशांत ठरते. पिक मोजायला छोटं घडीचं भिंग असतं. ते कापडावर ठेवायचं, एका इंचाच्या चौकटीतले धागे सुईच्या टोकाने मोजायचे. ग्रे, म्हणजे कोऱ्या कापडाचा सौदा करताना हे भिंग खिशातून निघतं, आणि दहाच्या जागी नऊ निघाले की भावही उतरतो.

आता तेच भिंग फोटोला लावून पाहू. एक मीटर रुंद कापड घ्या, साधारण 39 इंच. इंचाला 60 उभे धागे धरले तर रुंदीत 2340 धागे झाले. एक धागा शेजारच्यापासून वेगळा दिसायला किमान दोन ठिपके लागतात, एक धाग्याचा, एक फटीचा. हा हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या काळापासून चालत आलेला नियम आहे, त्यातून कुठल्याही कॅमेऱ्याची सुटका नाही. म्हणजे 4680 ठिपके हवेत. फोनचा मूळ फोटो 4000 चा; तिथेच तो कमी पडला. व्हॉट्सॲपवरून आलेला 1600 चा. त्यात एका धाग्याच्या वाट्याला पुरता एक ठिपकाही येत नाही. अशा फोटोत धागे पुसट झालेले नसतात, ते आलेलेच नसतात.

हा फोटो चारपट केला की 6400 ठिपके होतात, आणि पडद्यावर छान विणीचं कापड दिसतं. बोटांनी मोठं केलं तर धागेही दिसतात, सरळ, एकसारखे, मोजता येतील असे. मोजले तर आकडा येईलही, पण तो कापडाचा नसेल. शिकवणीच्या फोटोंत मॉडेलने कापडासारखं जे काही पाहिलं, त्याच्या आठवणीतून काढलेली ती नक्षी असते. पॉपलिनच्या जागी ट्विलची तिरकी रेघ उमटू शकते. बारीक चौकड्यात कॅमेऱ्याने आधीच लहरीलहरींची भुतं पकडलेली असतील, तर मॉडेल ती पुसत नाही, उलट ठळक करतं. रेयॉन सुती दिसतं, गाठी-गुठळ्यांची हातमागाची वीण इस्त्री केल्यासारखी गुळगुळीत होते. आणि हातमागाची किंमत तर त्या गाठींचीच असते.

एकच फोटो बिघडला तर लक्षात येतं. थोकात चूकही थोकात होते, आणि सगळीकडे सारखी झालेली चूक चूक वाटत नाही.

यावरचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, हातातल्या फोनमध्येच आहे. फोन जवळ नेऊन फक्त 10 इंच कापड चौकटीत घेतलं, तर धागे होतात 600 आणि लागतात 1200 ठिपके. फोनकडे 4000 आहेत. एकेका धाग्याला सहाहून जास्त ठिपके मिळतात; पीळही दिसतो.

6 चा 8

कापडाचं एक वेळ खपून जाईल, माणसाच्या चेहऱ्याचं नाही. 2020 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 'पल्स' या मॉडेलला कोणीतरी बराक ओबामांचा अगदी लहान, चौकड्याचौकड्यांचा फोटो दिला. उत्तरात आला एक गोरा माणूस. मॉडेलने खोडसाळपणा केला नव्हता. त्या लहान फोटोशी जुळतील असे चेहरे पुष्कळ होते, आणि त्यातला एक त्याने आपल्या सवयीप्रमाणे निवडला. जयंतीच्या फ्लेक्ससाठी महापुरुषांची जुनी छायाचित्रं 'एचडी' करताना हेच होतं. डोळे पाणीदार होतात, त्वचा मेणासारखी होते, सुरकुत्या जातात. घरातल्या आजोबांच्या एकुलत्या एक फोटोचं तेच. नातवाला ते सुंदर वाटतं, ज्यांनी आजोबांना पाहिलं आहे ते म्हणतात, "हे आमचे नाहीत."

अक्षरांचं आणखी नाजूक. मोठं करणारी मॉडेलं कचरा काढायलाही शिकलेली असतात, आणि देवनागरीतला लहानसा अनुस्वार त्यांना कचऱ्याचा कण वाटू शकतो. लेबलावरचा 'पक्का रंग' अशा सफाईत 'पक्का रग' व्हायला वेळ लागत नाही.

आकडा बदलला तर काय होतं, याचा धडा 2013 मध्येच मिळाला होता. जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या बांधकाम नकाशात खोल्यांची क्षेत्रफळं बदलताहेत. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांना एकच समजत होतं. कुठे 6 चा 8 होत होता. गंमत म्हणजे बदललेला आकडा अगदी स्वच्छ, ठसठशीत छापून येत होता, म्हणून कोणाला शंकाच येईना. ते मोठं करण्याचं तंत्र नव्हतं, तरी धडा इथेही लागू आहे. जुना सातबारा, फेरफार, खरेदीखत किंवा पावती 'क्लीन' करायला या मॉडेलांच्या हाती देऊ नये. गट क्रमांक 36 चा 38 झाला तर पुढची पिढी कोर्टाच्या पायऱ्या चढेल.

न्यायालयांनीही हे ओळखायला सुरुवात केली आहे. मार्च 2024 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटी न्यायालयाने एका खून खटल्यात एआयने सुधारलेलं मोबाइल चित्रीकरण पुरावा म्हणून नाकारलं. असं सॉफ्टवेअर घटनेच्या वेळी काय दिसलं ते दाखवत नाही, काय दिसायला हवं होतं असं त्याला वाटतं ते दाखवतं, असा न्यायालयाच्या आक्षेपाचा गाभा होता.

दुकानाचा व्यवहार

व्यापाऱ्याला खटल्याची नव्हे, रिटर्नची भीती असते. फोटोत एक, पाकिटात दुसरं, की माल परत. जाताना भाडं, येताना भाडं, आणि उघडलेला माल पुन्हा नव्यासारखा विकता येत नाही. शिवाय कायदाही आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 23 जुलै 2020 रोजी लागू झाले. त्यानुसार विक्रेत्याची जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळती असावी लागते. फोटोतले धागे संगणकाने भरले होते, ही सबब तिथे चालेल असं दिसत नाही.

म्हणून थोकाचं काम करताना फाइलींची तीन ढिगांत विभागणी करणं फायद्याचं ठरतं. पहिल्या ढिगात मोठं करणं निर्धोक असलेले फोटो: पुठ्ठ्याची खोकी, प्लास्टिकचे डबे, स्टीलची भांडी, दुकानाची पाटी, फ्लेक्सच्या पार्श्वभूमीचे डोंगर आणि ढग. इथे कडा स्वच्छ झाल्या, एवढंच होतं. कोणी ढगाचे पिक मोजत नाही. दुसऱ्या ढिगात माणूस घातलेले कपड्यांचे फोटो, जिथे घेर, गळा, पदर पाहायचा असतो. ते दुप्पट करावेत, चारपट नाही, आणि चेहरा सुधारणारा वेगळा पर्याय बंद ठेवावा. तिसऱ्या ढिगात कापड स्वतःच विषय असलेले फोटो, लेबलं, मापाचे तक्ते. ते मॉडेलकडे जातच नाहीत. लेबल आणि तक्ता तर नव्याने टाइप करणंच स्वस्त. दहा मिनिटांचं काम.

बदललेल्या फाइलीच्या नावात तसं लिहून ठेवलं, म्हणजे शेवटी 'मोठा4' अशी खूण केली, की सहा महिन्यांनी तीच फाइल मूळ समजून पुन्हा चारपट करण्याचा घोळ होत नाही. दोनदा मोठं केलेलं कापड ज्याने पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या फेरीत मॉडेल स्वतःच्याच अंदाजावर अंदाज चढवतं आणि साडीच्या काठावर माशाचे खवले उगवतात.

उरतात ते 'पुन्हा काढा' फोल्डरमधले. 1600 फाइलींच्या त्या कॅटलॉगात ते दीडशे निघोत की तीनशे, त्यांच्यासाठी गोदामातून तागा काढावा लागतो, दाराशी उजेडात पसरावा लागतो. दोन फोटो पुरतात: एक लांबून, पूर्ण डिझाइनचा, एक जवळून, 10 इंचांचा, कडेला पोलादी पट्टी ठेवून. फोनची लेन्स पुसलेली असावी, ऊन थेट नको, आणि पाठवताना डॉक्युमेंटमधून. सीझन सुरू झाल्यावर तागे हलवायला माणूस मिळत नाही, म्हणून हे काम दसऱ्याच्या आधीच आटोपलेलं बरं. पट्टीशेजारचे धागे मग नागपूरचा व्यापारीही आपल्या पडद्यावर मोजू शकतो, आणि त्याचा आकडा भिवंडीतल्या भिंगाशी जुळतो.